बर्गर ज्वारीपर्यंत कसा पोहोचला

मॅकडोनाल्ड्सचे भारतातले पहिले उपाहारगृह १३ ऑक्टोबर १९९६ रोजी दिल्लीच्या वसंत विहार भागात सुरू झाले. पाठोपाठ त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला दुसरे उघडले. गोमांसाचा एकही पदार्थ न विकणारे मॅकडोनाल्ड्स जगाने तेव्हा प्रथमच पाहिले. ज्या कंपनीची सारी ओळख गोमांसाच्या बर्गरवर उभी होती, तिने भारतात पाय ठेवताना तो बर्गरच बाजूला ठेवला. डुकराचे मांसही वगळले. उरला तो पाव, बटाटा, कोंबडी, थोडे मटण आणि स्वयंपाकघर चालवण्याची एक अतिशय काटेकोर पद्धत. पुढच्या तीन दशकांत भारतीय जिभेशी जुळवून घेताना पावातले जवळजवळ सगळे बदलले. पद्धतीची काटेकोरता मात्र तसूभर हलली नाही.

अमेरिकी खाद्यकंपन्यांना परदेशात मेन्यू बदलावा लागणे नवे नव्हते. चीनमध्ये हा प्रयोग त्याआधीच सुरू झाला होता. केएफसीने नोव्हेंबर १९८७ मध्ये बीजिंगच्या छ्यानमन भागात पहिले दुकान थाटले. मॅकडोनाल्ड्स १९९० मध्ये शेन्झेन शहरात आले आणि १९९२ मध्ये बीजिंगमध्ये. तिथल्या लोकांना कोंबडीचे वावडे नव्हते, डुकराचे मांस तर त्यांच्या रोजच्या जेवणातले, आणि गोमांसालाही धार्मिक अडसर नव्हता. त्यामुळे अमेरिकेत जे विकले जात होते त्यातले काही काढून टाकण्याची गरजच पडली नाही. मूळ मेन्यूत भर घालत जाणे, एवढेच काम होते. केएफसीने ते मोठ्या चतुराईने केले. सकाळच्या न्याहारीला तांदळाची पेज आली, तिच्यासोबत खाल्ली जाणारी तळलेल्या मैद्याची लांबट कांडी म्हणजे योत्याव आली, सोयाबीनचे दूध आले. २००३ पासून अंड्याचे गोड टार्ट आले. बीजिंगच्या प्रसिद्ध बदकाच्या पदार्थाची आठवण करून देणारी, काकडी आणि गडद गोडसर चटणी घातलेली कोंबडीची गुंडाळी आली. पुढे भातही मिळू लागला. तळलेली कोंबडी चिनी ताटाला मुळातच जवळची, म्हणून चीनमध्ये केएफसी मॅकडोनाल्ड्सच्या पुष्कळ पुढे गेली.

भारतात क्रम उलटा होता. इथे आधी वजाबाकी करावी लागली. ही वजाबाकी किती अवघड होती, हे समजून घ्यायला दिल्ली-मुंबईच कशाला, मराठवाड्यातला परभणी जिल्हाही पुरेसा आहे. परभणी शहरात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला दरवर्षी मोठी यात्रा भरते आणि सगळ्या धर्मांचे लोक तिथे जातात. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैनांचे प्राचीन क्षेत्र आहे. वारकरी माळकरी कुटुंबे गावोगाव आहेत. एकाच बाजारपेठेत गोमांस निषिद्ध मानणारा ग्राहक आहे, डुकराचे मांस निषिद्ध मानणारा आणि हलाल मांसच खाणारा आहे, मांस-मासे-अंडी काहीच न खाणारा आहे, आणि कांदा, लसूण, बटाटा अशी जमिनीखालची भाजीही टाळणारा आहे. त्यातही सोमवार, एकादशी, श्रावण, नवरात्र, रमजान यांप्रमाणे एकाच माणसाचे खाणे बदलते. एकच पदार्थ सगळ्यांना चालेल अशी अपेक्षा इथे कोणी करत नाही. घरोघरी आणि खानावळीतही वेगळी भांडी, वेगळी चूल, वेगळा वार हीच रीत आहे. अमेरिकी कंपनीला हीच रीत आपल्या यंत्रवत स्वयंपाकघरात बसवायची होती.

कायद्याची बाजूही होती. महाराष्ट्रात गाईच्या हत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंपर्यंत वाढली. पण कंपनीचा निर्णय कायद्यामुळे झालेला नव्हता. पश्चिम आणि दक्षिण भारताचा कारभार ज्यांच्याकडे आला ते अमित जटिया स्वतः शाकाहारी कुटुंबातले. उत्तरेत विक्रम बक्षी यांच्याबरोबर दुसरी भागीदारी झाली. गोमांस आणि डुकराचे मांस वगळून, शाकाहार्‍याला निःशंकपणे खाता येईल असे उपाहारगृह असावे, हे भारतीय भागीदारांचे म्हणणे कंपनीने मान्य केले. भागीदार निवडणे आणि पुरवठ्याची व्यवस्था लावणे यांत पहिले दुकान उघडण्याआधीची काही वर्षे गेली.

शाकाहारी पदार्थ मेन्यूत ठेवणे सोपे होते. तो शाकाहारीच राहील याची खात्री देणे अवघड. म्हणून स्वयंपाकघराचे दोन भाग झाले. शाकाहारी पदार्थांची तळणी वेगळी, तेल वेगळे, झारे-चिमटे वेगळे. त्या बाजूला काम करणार्‍यांच्या अंगावर हिरवे अॅप्रन, म्हणजे माणूस चुकून इकडून तिकडे गेला तर लगेच दिसावा. मेयोनीज हा अंड्याचा पदार्थ. तो भारतात अंड्याविना करण्यात आला. आइस्क्रीममध्येही अंडे नाही. चीज जमवायला पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातले विरजण लागते. त्याऐवजी सूक्ष्मजीवांपासून मिळणारे विरजण वापरलेले चीज घ्यावे लागले. पाकिटबंद खाद्यपदार्थांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका भारत सरकारने २००१ मध्ये सक्तीचा केला. या स्वयंपाकघरांत हिरव्या-लाल रंगांची विभागणी त्याच्या आधीपासून होती.

त्याच वर्षी या व्यवस्थेची कसोटी लागली, आणि तीही महाराष्ट्रात. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्रेंच फ्राइजमध्ये चवीसाठी गोमांसाचा अंश वापरला जातो, हे २००१ च्या मे महिन्यात तिथल्या एका दाव्यामुळे उघड झाले. बातमी भारतात येताच संताप उसळला. ठाण्यातल्या दुकानाची मोडतोड झाली. भारतात विकल्या जाणार्‍या फ्राइजमध्ये असे काहीही नाही, असे कंपनीने जाहीर केले. मुंबईत झालेल्या तपासणीतही प्राण्यांची चरबी सापडली नाही. अमेरिकेतल्या प्रकरणात मात्र कंपनीला २००२ मध्ये माफी मागावी लागली आणि शाकाहारी व हिंदू संस्थांसह इतरांसाठी १ कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. वेगळ्या तळणीवर झालेला खर्च वाया गेलेला नव्हता, हे या प्रकरणातून दिसले. ज्या देशात श्रद्धा ताटात उतरलेली असते तिथे विश्वास एकदा तुटला की तो सवलतीच्या कुपनांनी परत मिळत नाही.

वजाबाकीनंतर बेरीज सुरू झाली. दोन थरांच्या बिग मॅकच्या जागी महाराजा मॅक आला. सुरुवातीला त्यात मटणाची टिक्की होती. पुढे कोंबडीची झाली, आणि बर्‍याच वर्षांनी त्याचा शाकाहारी भाऊही आला. पण भारतातल्या मॅकडोनाल्ड्सला खरा आधार दिला तो मॅकआलू टिक्कीने. बटाटा आणि वाटाण्याची मसालेदार टिक्की, कांदा, टोमॅटो आणि गोडसर तिखट सॉस, एवढाच हा बर्गर. आलू टिक्की मूळची उत्तर भारतातल्या चाटवाल्यांची. मराठी माणसाला ती पावात घातलेली पाहून नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण बटाटा आणि पाव यांची सोयरीक त्याच्याकडे आधीच जुळलेली होती. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये वडापाव विकायला सुरुवात केल्याचे सांगितले जाते. त्याच्या तीस वर्षांनी अमेरिकी कंपनी त्याच उत्तरापर्यंत पोहोचली: स्वस्त, पोटभरीचा, उभ्याने खाता येणारा, आणि बहुतेकांना चालणारा पदार्थ म्हणजे पावातला मसालेदार बटाटा.

स्वस्ताई या गोष्टीतला मोठा भाग आहे. पहिली काही वर्षे बर्गर खाणे हा शहरी मध्यमवर्गाचा सणासुदीचा कार्यक्रम होता. २००४ मध्ये कंपनीने काही पदार्थ २० रुपयांना विकायला काढले. त्यांत आलू टिक्की होती. बटाटा स्वस्त असल्याने हे सोपे झाले. शाकाहारी मेन्यूकडे कंपनीने धर्माची अडचण म्हणून पाहायला सुरुवात केली होती. आता तोच तिच्या धंद्याचा पाया ठरला. पनीरचे प्रकार आले. २०१७ च्या सुरुवातीला पश्चिम भारतात न्याहारीच्या मेन्यूवर डोशाच्या मसाल्याचा बर्गर आणि मसाला घातलेली अंडाभुर्जीही आली. पेज विकणारी चिनी केएफसी आणि डोशाचा मसाला पावात घालणारे मुंबईतले मॅकडोनाल्ड्स एकाच वाटेवरचे प्रवासी होते.

इतर कंपन्यांची गत थोडक्यात सांगता येईल. केएफसी १९९५ मध्ये बंगळूरला आली आणि लगेच अडचणीत सापडली. प्राध्यापक नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने तिला कडाडून विरोध केला, आणि १९९६ च्या जानेवारीत दुकानावर हल्लाही झाला. केवळ कोंबडी विकून भारतात पसरता येत नाही हे तिला उशिरा कळले. मग शाकाहारी बर्गर आणि भाताचे प्रकार आले. पिझ्झाला तुलनेने कमी त्रास झाला. भाजलेल्या कणकेवर भाजी आणि दुधाचा पदार्थ, ही कल्पना भारतीय घराला परकी नव्हती. डॉमिनोज १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पनीर, ढोबळी मिरची, मका यांच्या बळावर इतकी वाढली की अमेरिकेबाहेर तिची सर्वांत जास्त दुकाने आज भारतात आहेत. नवरात्रात तिची कितीतरी दुकाने त्या नऊ दिवसांपुरती पूर्ण शाकाहारी होतात. पिझ्झा हटने गुजरातेत शुद्ध शाकाहारी दुकाने काढली, कांदा-लसूण नसलेला जैन पिझ्झा दिला. सबवेने काही ठिकाणी जैनांसाठी वेगळा काउंटर ठेवला.

कंपन्यांच्या जाहिरातींत दिसत नाही, पण महाराष्ट्राच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट स्वयंपाकघराच्या मागच्या दारी घडली. बर्गरच्या आत जाणारी प्रत्येक वस्तू देशातच मिळावी, रोज सारखीच मिळावी, आणि शेतापासून दुकानापर्यंत थंड राहावी अशी अट होती. १९९० च्या सुमारास अशी व्यवस्था देशात जवळजवळ नव्हतीच. ती उभी करावी लागली, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात उभा राहिला. रायगड जिल्ह्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्सच्या कारखान्यात शाकाहारी आणि मांसाहारी टिक्क्या वेगवेगळ्या विभागांत बनू लागल्या. चीजचे काप बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून आले. बर्गरमधला आइसबर्ग लेट्यूस हा कोबीसारखा दिसणारा पाला भारतात फारसा कोणी पिकवत नव्हते. तो तळेगावच्या त्रिकाया अॅग्रिकल्चरने आणि उटीच्या शेतकर्‍यांनी पिकवायला घेतला. ठाण्याच्या राधाकृष्ण फूडलँडने गोदामे आणि थंड गाड्यांचे जाळे सांभाळले. पाव आणि सॉस पंजाबातल्या फिल्लौरच्या क्रेमिकाकडून यायचे. फ्राइजसाठी लांब, कमी पाण्याचा बटाटा लागतो. त्याच्या लागवडीसाठी मॅककेन कंपनीने गुजरातेत मेहसाणा भागातल्या शेतकर्‍यांशी करार केले.

या यादीत मराठवाड्यातले एकही नाव नाही. पुणे, रायगड, ठाणे आहेत. परभणी, हिंगोली, नांदेड, बीड नाहीत. त्यामागे कारणेही आहेत. लेट्यूसला थंड हवा आणि खात्रीचे पाणी लागते. चीजला मोठे दूधसंकलन लागते. थंड गाडीला मोठी बाजारपेठ जवळ लागते. परभणीची जमीन काळी, कसदार. पण तिच्यावर पिकतात ज्वारी, कापूस, सोयाबीन, तूर. १९९६ च्या बर्गरमध्ये यांतल्या कशालाच जागा नव्हती. पाव मैद्याचा, म्हणजे गव्हाचा. एका अर्थाने अमेरिकी मेन्यूने भारतीय चव स्वीकारली ती मसाल्यापुरती, बटाट्यापुरती आणि पनीरपुरती. इथले धान्य तिने बराच काळ बाहेरच ठेवले. ज्या जिल्ह्याच्या ताटात ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न आहे, त्या जिल्ह्याला हा बदल अर्धाच वाटला तर त्यात आश्चर्य नाही.

दुसरीकडे, जुळवून घेण्याचे काम या जिल्ह्यांत कंपन्यांची वाट न पाहता झाले. त्याचे ठळक उदाहरण चायनीजच्या गाड्या. मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस वापरून चिकन मंचुरियन केले. चीनमध्ये न मिळणारा हा चिनी पदार्थ पुढच्या काही दशकांत जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तालुक्याच्या गावीही पोहोचला. कोबीचे मंचुरियन, शेजवान राइस, कुरकुरीत नूडल्सची चायनीज भेळ, हे सारे इथल्या तिखट जिभेने घडवले. बर्गरचेही तसेच. बेकरीतला गोल पाव, आत बटाट्याची टिक्की किंवा चक्क वडा, लेट्यूसऐवजी बारीक चिरलेला कोबी, वरून मेयोनीज आणि टोमॅटो सॉस. असा बर्गर आता छोट्या शहरांच्या रस्त्यांवर सहज मिळतो. त्यामागे ना करार, ना थंड गाडी. म्हणून तो स्वस्त आहे, आणि म्हणूनच रोज त्याच चवीचा मिळेल याची हमी नाही.

ती हमी देण्याची पद्धत वडापावने अमेरिकी कंपन्यांकडून उचलली. जम्बोकिंग २००१ मध्ये मुंबईत मालाडला सुरू झाले, गोली वडापाव २००४ मध्ये कल्याणला. गोलीने वडे जागेवर तळणार्‍याच्या हातावर सोडले नाहीत. ज्या व्हिस्टाच्या कारखान्यात मॅकडोनाल्ड्सच्या टिक्क्या होत, तिथेच आपले वडे तयार करून गोठवून घेतले. प्रत्येक गावात वजन तेच, मसाला तोच, तळण्याची वेळ तीच. अमेरिकी कंपनी मराठी चवीजवळ आली आणि मराठी पदार्थ अमेरिकी पद्धतीजवळ गेला. या देवाणघेवाणीत वडापावचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. पण हातगाडीवरच्या चुरा-चटणीची सर गोठवलेल्या वड्याला येत नाही, हेही खरे.

ज्वारीचा प्रवेश झाला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने मॅकडोनाल्ड्सने पश्चिम आणि दक्षिण भारतात भरडधान्यांचा पाव आणला. त्यात बाजरी, नाचणी, ज्वारी, वरी आणि कोद्रू अशी पाच धान्ये आहेत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले होते, त्यानंतरची ही घडामोड. पहिल्या दुकानापासून इथवर यायला २८ वर्षे लागली. हा उशीर केवळ अनास्थेमुळे झाला नाही. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते. मळताना त्याचे जाळे होते, त्यात वायू अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून भाकरी थापायची तर पीठ उकळत्या किंवा गरम पाण्यात मळावे लागते, आणि थापणार्‍या हाताला सवय लागते. निव्वळ ज्वारीचा फुगलेला, मऊ, दाबला तरी न फुटणारा बर्गरचा पाव होत नाही. गव्हासोबत ठरावीक प्रमाणात मिसळूनच तो जमतो. शिवाय ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की कडवट होते. घरात आठवड्याचे दळण आणायची जुनी पद्धत यामुळेच आहे. कारखान्याला महिनोन्‌महिने टिकणारे, एकसारखे पीठ लागते.

या अडचणींवर काम करण्यासाठी लागणारे ज्ञान परभणीत आहे. मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी इथे स्थापन झाले. आता ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या आवारातले अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून चालू आहे. विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे परभणी मोती हे टपोर्‍या, चमकदार दाण्याचे वाण दिले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटसोबत काम करून २०१८ मध्ये परभणी शक्ती हे वाण आणले. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त अधिक आहे. म्हणजे शेतात चांगला दाणा आहे, प्रयोगशाळेत शिकलेली माणसे आहेत. मधला टप्पा मात्र कच्चा आहे: दाणा एकसारखा निवडणे, खरिपात पावसाने काळा पडलेला माल वेगळा ठेवणे, पीठ टिकेल अशी प्रक्रिया करणे, आणि वर्षभर ठरल्या तारखेला ठरलेला माल पोहोचवणे. तळेगावच्या लेट्यूसने आणि बारामतीच्या चीजने नेमके हेच जमवले, म्हणून ते बर्गरमध्ये गेले. त्यांची चव तर इथल्या फारशा कुणाच्या ओळखीची नव्हती.

भारतीय ग्राहकाने अमेरिकी कंपन्यांना मांस बदलायला लावले, तळणी वेगळी करायला लावली, अंडे काढायला लावले. धान्य बदलायला लावण्याइतकी मागणी मात्र त्याने आजवर केली नाही. भरडधान्यांचा पाव ग्राहकाने मागितला तरच मिळतो. तो मागणारे किती, यावर त्या पावाचे आणि त्यातल्या ज्वारीचे भवितव्य ठरेल. ग्राहकाने तो मागावा. आणि परभणीच्या शेतकरी गटांनी व अन्नतंत्र महाविद्यालयाने त्या मागणीसाठी टिकाऊ, एकसारखे पीठ आतापासून तयार ठेवावे.